गाडी कधी सुरू होते, कधी टांग मारते : नवी बॅटरी टाकण्याआधी एवढं बघा

कायमची बंद पडलेली गाडी त्यामानाने सोपी. टो करून गॅरेजला न्यायची, तुटलेलं सापडतं, बदललं की विषय संपला. डोकं उठवते ती मधूनच टांग मारणारी. सोमवारी चावी लावली की सुरू, मंगळवारी नुसतं कट-कट-कट, बुधवारी पुन्हा शहाण्यासारखी. अशा गाडीवर आपल्याकडं एकच औषध ठरलेलं आहे : "बॅटरी टाका नवी." टाकली की दोन-तीन आठवडे सगळं झकास चालतं. मग एका सकाळी पार्किंगमधून पुन्हा तोच आवाज येतो आणि मालक म्हणतो, "अहो, बॅटरी तर नवीच आहे की!"

नवी बॅटरी ताकदीची असते, म्हणून ती बाकीच्यांचे दोष काही दिवस पोटात घालते. गंजलेलं टर्मिनल, बॅटरी चार्ज करणारा डायनमो अशक्त झालेला, रात्रभर करंट खाणारी एखादी वायर, सगळं तिच्या जोरावर झाकून जातं. ती जरा उतरली की मूळ दुखणं वर येतं. म्हणून पैसे मोजण्याआधी दोन गोष्टींची उत्तरं पक्की करा. टांग मारते तेव्हा सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, फिरतो का? आणि ती नेमकी कधी टांग मारते : रात्रभर उभी राहिल्यावर, चार दिवस उभी राहिल्यावर, की लांबून तापून आल्यावर? एवढं ठाऊक असलं तर अर्धी तपासणी घरीच झाली म्हणायची.

आवाज ऐका

चावी फिरवल्यावर कट-कट-कट असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात, तेव्हा सेल्फला करंट सोडणारा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, ओढतो, करंट कमी पडतो, तो सुटतो, पुन्हा ओढतो. बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठणठणीत 'टक' आणि पुढं शांतता, असं असेल तर संशय सेल्फवर किंवा त्याच्याकडं जाणाऱ्या जाड वायरीवर. काहीच आवाज नाही, दिवे मात्र लख्ख, तर रिले, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचा किंवा गिअरचा स्विच, नाहीतर चावीचा घोळ. आणि सेल्फ नेहमीच्या जोमानं फिरतोय पण इंजिन उचलत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका. तिनं तिचं काम केलंय. पुढचा प्रश्न इंधनाचा किंवा सेन्सरचा.

मीटर नसेल तर भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. उजेड एकदम मालवला तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. उजेड जराही न हलता 'टक' एवढंच आलं तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, किंवा पोचून सेल्फच्या आतले कार्बन ब्रश तो घेत नाहीत. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू होते, हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि हात पट्ट्यापासून लांब ठेवून तो करायला हरकत नाही. पण ठोकल्यावर सुरू झाली याचा अर्थ कार्बन झिजलेत, ते बदलून घ्या. महिनाभर डिकीत दांडका घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत.

मीटर लावा, पण सेल्फ मारताना

साधा डिजिटल मल्टीमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि या दुखण्यात तो पुरेसा आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काही चालू न करता, बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली उतरलीच. इथंच बहुतेक जण थांबतात आणि फसतात. उभ्या बॅटरीचे व्होल्ट ठीक दिसले म्हणजे ती सेल्फ ओढेल असं नाही. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर अँपियरच्या वर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. आतून सल्फेट धरलेली जुनी बॅटरी मीटरला १२.५ दाखवते आणि सेल्फ मारला की ८ वर येते.

म्हणून मीटरच्या तारा बॅटरीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली असूनही खाली गेला तर बॅटरी थकलीय, क्वचित सेल्फच जड झालाय. आकडा १२ च्या वरच राहिला आणि सेल्फ मात्र फिरला नाही, तर बॅटरी निर्दोष. आकडा ११ वर टिकलाय पण सेल्फ आळसावल्यासारखा घुर्र-घुर्र करतोय, तर वाटेत कुठंतरी करंट अडतोय.

अडतोय कुठं, तेही याच मीटरवर दिसतं. एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर धरा, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना इथं ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट : अर्धा व्होल्ट ही हद्द. आणि सगळ्यात गमतीचं मोजमाप म्हणजे खांबावर एक तार आणि त्यालाच आवळलेल्या क्लॅम्पवर दुसरी. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मध्ये कागद जाणार नाही, तरी सेल्फ मारताना तिथं एक-दीड व्होल्ट दिसू शकतो. क्लॅम्प काढून बघितला की आत खांबाभोवती काळपट, चकचकीत थर सापडतो. बाहेरून पांढरी-हिरवी पावडर दिसेलच असं नाही.

साफ करायची रीत सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतात, पण क्रम चुकतो. आधी निगेटिव्ह सोडायचा, मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी कशी उडते ते एकदा बघितलेला माणूस परत विसरत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पावडर धुवा, खांब आणि क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरनं उजळा, घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा. क्लॅम्प सैल पडला म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी किंवा तांब्याच्या तारेचा वेढा ठोकलेला दिसला तर तो काढून क्लॅम्पच बदला. मधूनमधून टांग मारणाऱ्या कितीतरी गाड्यांचं मूळ त्या पट्टीत असतं. रस्त्याच्या धक्क्यानं ती एका बाजूला सरकते, पुढच्या खड्ड्यात परत टेकते.

अर्थिंगचा संशय असेल तर सोपी युक्ती आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या जाड धातूला लावा आणि सेल्फ मारा. एकदम जोमात फिरला तर गिअरबॉक्स ते बॉडी ही विणलेली पट्टी गंजलेली किंवा तुटलेली आहे. जुन्या गाड्यांत ही पट्टी गेली की करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला गरम लागते. मेकॅनिक क्लच केबल बदलतो, दोष मात्र तसाच राहतो.

आता डायनमो. इंजिन चालू करून, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसले की जुन्या धाटणीच्या गाडीत चार्जिंग बरोबर. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं काही वेळ १३ च्या आतबाहेर दिसलं तरी घाबरू नका. सगळे दिवे लावल्यावर वर चढतं का ते बघा. आणि एक हात जोडून विनंती : इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनमो चालतोय का' बघण्याची जुनी पद्धत आपल्या गाडीवर कुणाला करू देऊ नका. जुन्या डिझेल जीपला ती चालून गेली. आजच्या गाडीत टर्मिनल निघताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि कॉम्प्युटर जाऊ शकतो. तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

चार दिवसांनी उतरणारी बॅटरी

रोज फिरवली तर सुरू होते, चार दिवस उभी राहिली की मेली. ही तक्रार आपल्याकडं खास आहे, कारण निम्म्या गाड्या उभ्याच असतात. मुलगा-सून पुण्यात, गाडी तासगावच्या घरी, आई-वडिलांना चालवता येत नाही. किंवा गाडी सांगलीतच विश्रामबागेतून गणपती पेठेत जाते, पाऊण तासानं परत येते आणि पुन्हा पार्किंगमध्ये. एवढ्याशा पल्ल्यात सेल्फनं ओढलेलं कसंबसं भरून निघतं, आधीची तूट तशीच राहते.

इथं हिशेब मांडला की चित्र स्वच्छ होतं. निरोगी गाडीसुद्धा बंद असताना थोडा करंट घेते : घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, कॉम्प्युटरची आठवण. तो ३० ते ५० मिलिअँपियरच्या आत असावा. ३० धरला तर दिवसाला पाऊण अँपियर-तास, महिन्याला बावीसच्या आसपास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. म्हणजे काहीही बिघाड नसताना महिनाभर उभी ठेवलेली गाडी सेल्फ मारायला कुरकुरणारच. ती तक्रार नव्हे. निगेटिव्ह सोडून ठेवा किंवा आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यानं फायदा नाही, उलट सेल्फचा खर्च अंगावर. पण तीच गळती ३०० मिलिअँपियर असेल तर दिवसाला सात अँपियर-तास जातात. तीन दिवसांत एकवीस. चौथ्या सकाळी कट-कट-कट.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका हॅचबॅकचं उदाहरण चांगलं आहे. दर दोन-चार दिवसांनी बॅटरी झोपायची. एक बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली, दुसरीही तशीच. मालक वैतागून म्हणाले, "मेस्त्री, गाडीच काढून टाकतो आता." मेस्त्री शांतपणे म्हणाले, "काढा की, पण घेणाऱ्याला तेवढा डॅशकॅम सोडून द्या." पुढच्या काचेवरचा कॅमेरा बाहेरच्या दुकानातून बसवला होता आणि त्याची वायर छताच्या दिव्याच्या कायम चालू लाइनवर जोडलेली. गाडी बंद झाली तरी तो रात्रंदिवस पार्किंगमधल्या मांजरांचं चित्रीकरण करत होता.

अशी गळती शोधायला मीटर अँपियरवर ठेवतात, लाल तार १० अँपियरच्या भोकात घालतात, निगेटिव्ह क्लॅम्प सोडतात आणि मीटर खांब व क्लॅम्पच्या मध्ये ओळीत जोडतात. मीटर असा लावलेला असताना चावी चालू करायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटर जळतो. बॉनेट उघडं, दार उघडं अशा स्थितीत कॉम्प्युटर जागाच राहतो, म्हणून दाराची कडी स्क्रूड्रायव्हरनं बंद स्थितीत ढकलायची, गाडी लॉक करायची आणि स्मार्ट की असेल तर ती घरात ठेवून यायची. मग वीस-तीस मिनिटं थांबायचं. सुरुवातीला दोन-तीन अँपियर दिसेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका. एकेक कॉम्प्युटर झोपतो तसा आकडा पायरी-पायरीनं उतरतो आणि स्थिरावतो. स्थिरावलेला आकडा खरा. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे का बघा. वायरमनकडचा नेहमीचा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो.

आकडा मोठा निघाला की पूर्वी एकेक फ्यूज उपटायचे. नव्या गाड्यांत फ्यूज उपटून लावला की त्या लाइनवरचा कॉम्प्युटर जागा होतो आणि सगळा हिशेब बिघडतो. त्यापेक्षा चांगली पद्धत आहे. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक भोकं असतात, आत चांदीसारखा ठिपका चमकतो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवायची. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. १० अँपियरच्या मिनी फ्यूजवर २ मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून पाव अँपियरहून जास्त वाहतंय, म्हणजे चोर त्याच लाइनवर. काहीही न काढता, न हलवता दहा मिनिटांत सगळी पेटी तपासून होते. फ्यूजच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यावरून कोणती लाइन ते कळतं.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर आधी संशय घ्या : डॅशकॅम, जीपीएस, अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा. म्युझिक सिस्टिमचा एक ठरलेला घोळ असतो. तिच्या मागच्या जोडणीत पिवळी वायर कायम बॅटरीची आणि लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणारी. चावीशिवाय गाणी वाजावीत म्हणून बसवणारे दोन्ही एकत्र पिळून पिवळ्यावर टाकतात. बटणानं सिस्टिम बंद दिसते, आतून जागी. बाहेरचं काही नसेल तर डिकीतला आणि ग्लोव्ह बॉक्समधला दिवा. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा; दिवा विझतो की नाही ते दिसेल. तेही नसेल तर डायनमोचा डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग. इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड गेला असण्याचा संभव. असा डायनमो दिवसा चार्ज करतो आणि रात्री स्वतःच करंट पितो, त्यामुळं १४ व्होल्ट बघून सगळे त्याला निर्दोष सोडतात.

गळती मिळाली, बंद केली, तरी बॅटरीची अवस्था एकदा बघायला हवी. पूर्ण उतरून दिवसेंदिवस तशीच राहिलेली बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. आपल्या भागात तिला आधीच एप्रिल-मेचं ऊन खाऊन टाकतं. उष्णतेनं आतल्या प्लेटा झिजतात, आणि डिसेंबरच्या गार सकाळी इंजिनचं तेल घट्ट झालं की ती झीज उघडी पडते. म्हणून लोकांना वाटतं थंडीनं बॅटरी मारली. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं क्षाराचं पाणी अजिबात नको. आणि बदलायचीच झाली तर सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी, कंपनीनं सांगितलेलीच घ्या. हजार-दोन हजार वाचवून साधी बसवली तर वर्षभरात परत दुकानात.

सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही

सांगलीहून निघालात, पेठ नाक्याला हायवे धरला, कराडला चहाला थांबलात. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फ मस्त फिरतोय, इंजिन ढिम्म. अर्धा तास शिव्या घालून झाल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू. गरम झाल्यावरच टांग मारणाऱ्या पेट्रोल गाडीत पहिला संशयित क्रँक सेन्सर. तो इंजिनला खेटून असतो, तापला की आतलं वेटोळं तुटतं, निवला की जोडलं जातं. कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो स्पार्कही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. सेल्फ फिरताना आरपीएमच्या काट्याकडं बघा. कितीतरी गाड्यांत तो थोडा उचलतो. टांग मारताना अगदी शून्याला चिकटून राहिला तर हाच सेन्सर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा, मोबाइलला जोडायचा ओबीडी डोंगल असेल तर सेल्फ मारताना त्यावर आरपीएम बघा आणि पी०३३५ हा कोड आहे का तपासा. गाडी निवल्यावर गॅरेजला नेलीत तर सेन्सर ठणठणीत मोजला जाईल, म्हणून तपासणी तिथल्या तिथं, गरम असतानाच.

इंधनाचा पंप कानाने कळतो. चावी चालू केली, सेल्फ मारला नाही, तर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद 'घूं' असा आवाज यायला हवा. नाही आला तर रिले, फ्यूज किंवा पंप. मागच्या सीटवर बसलेल्याला टाकीच्या झाकणावर मुठीनं ठोकायला सांगा. त्यानं पंप चालू झाला तर त्याचे दिवस भरलेत.

सीएनजीवाल्यांचा घोळ वेगळा. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि थोडं तापल्यावर गॅसवर जातात. मालक गॅसच्या हिशेबात असतो, पेट्रोलचा काटा तळाला, त्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल. पंप पेट्रोलनंच थंड राहतो, टाकी कोरडी ठेवली तर तो लवकर जळतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. ते आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतही बनतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी रुसली तर बाटलीत थोडं काढून उजेडात बघा. दोन थर दिसले की बाकी काही तपासायचं राहत नाही.

डिझेलमध्ये सकाळी लवकर उचलत नाही आणि उचलल्यावर पांढरा धूर मारते, तर हीटर प्लग. रात्रभर उभी राहिल्यावर लांबलचक सेल्फ मारावा लागतो आणि नंतर दिवसभर काही त्रास नाही, तर कुठंतरी एअर घेतेय : फिल्टरचा रबर, पाइपचा क्लिप. डिझेलच्या लाइनवरचा हातपंप दाबून तो कडक झाल्यावर चटकन सुरू झाली की खात्री. गरम झाल्यावर त्रास देणाऱ्या कॉमन रेल डिझेलला साधारण २०० बारच्या आसपास दाब बनल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. झिजलेले इंजेक्टर गरम, पातळ डिझेल परतीच्या नळीतून सोडून देतात आणि दाब बनतच नाही. चारही परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून कुठली जास्त भरते ते बघणारा मेस्त्री गाठा. न बघता चारही इंजेक्टर बदला म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

पुराचं पाणी आणि उंदीर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगलीतल्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते सांगायला नको. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुढं विकल्या गेल्या. तुम्ही जुनी गाडी घेतली असेल आणि तिची टांग मारण्याला कसलाच ताल नसेल, कधी सेल्फ नाही, कधी काचा वर होत नाहीत, कधी भलताच दिवा लागतो, तर बॅटरी बाजूला ठेवा आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर गाडी पुरातली. मग कार्पेट उचलून खालचे कनेक्टर सोडवून बघा. पिनांवर हिरवा थर असतो, बाहेरून काही दिसत नाही. सगळे साफ करणं चिकाटीचं काम आहे, आणि डॅशबोर्डच्या आतली फ्यूजची पेटी भिजली असेल तर तीच बदलावी लागते. पाण्यातून नुकतीच निघालेली गाडी असेल तर सेल्फ मारूच नका, धक्काही देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दहा-वीस हजारांत भागणारं काम लाखावर जातं.

उंदरांचा हंगाम ऊसतोडीबरोबर येतो. फड मोकळे झाले की ते घराकडं वळतात आणि गरम इंजिनवर रात्र काढतात. बॉनेट उघडून वायरींवर कुरतडल्याच्या खुणा, लेंड्या, एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं दिसतंय का बघा. अर्धवट तोडलेली वायर हलली की जोडते, हलली की सुटते, म्हणून हे दुखणंही मधूनमधूनच येतं. नुसता टेप गुंडाळून सोडू नका. सोल्डर करून वर आवरण चढवा.

चावी आणि स्विच

यात जास्त वेळ घालवू नका. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे इमोबिलायझरला, चावी ओळखू येत नाही. दुसरी चावी लावून बघा, किंवा त्याच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर काढून ठेवा. बटणवाल्या गाडीत स्मार्ट कीचा सेल गेला असेल तर की थेट बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि बटण दाबा. सेल बहुधा सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच गेलाय, बटण ऐकणारच नाही. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न मारणाऱ्या गाडीत पायातला मॅट क्लचखाली अडकलाय का तेही बघा. हसू नका, हे होतं.

जंपर लावायची वेळ आली तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या जाड धातूला, बॅटरीवर नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्यापासून लांब उडालेली बरी. पाच मिनिटं थांबून मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाडीला धक्का मारत बसू नका, ती तशी सुरू व्हायची नाही.

एवढं करूनही सापडलं नाही तर गॅरेजला जाण्याआधी एक काम करा, कारण मेस्त्रीसमोर ही गाडी हमखास पहिल्या चावीत सुरू होते आणि ते म्हणतात, "काहीच नाही हिला, न्या घरी." टांग मारेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चावी चालू करण्यापासून सेल्फ मारेपर्यंत, डॅशबोर्ड पूर्ण दिसेल असा, आवाजासकट. त्याखाली लिहा : गाडी किती तास उभी होती, गरम होती की गार, टाकीत पेट्रोल किती, सेल्फ मारताना व्होल्ट किती, आदल्या दिवशी पाऊस होता का, अलीकडं कुणी गाडीत काय बसवलं. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पाठवा आणि मग गाडी न्या.